साळ्याची चेष्टा

त्या प्रकरणातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. नोकरीत मी हजारो बयानांखाली सह्या केल्या. महाराष्ट्रात ज्याला जबाब म्हणतात त्याला मध्य प्रदेशात बयान म्हणतात. बाकीची बयानं कुठल्या रद्दीत गेली देव जाणे, हे एक मात्र डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी तेव्हा पांढुर्णा ठाण्याचा प्रभारी होतो.

माझं गाव मुलताईकडचं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि खात्यात लागल्यावर रीवा, सीधी, शहडोल अशी सगळी वर्षं हिंदी मुलखात गेली. बायको मुलताईलाच माझ्या आईपाशी राहिली. दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसानं संसार कुठे कुठे वाहून न्यायचा? पांढुर्ण्याची बदली आली तेव्हा वाटलं, चला, घर तासाभरावर आलं, आणि कानावर पुन्हा मराठी पडेल. पहिल्याच बाजाराला भाजीवालीनं ‘काय पाह्यजे जी?’ म्हणून विचारलं तर मला उगाच दोन किलो वांगी घ्यावीशी वाटली. एकट्या माणसाला दोन किलो वांगी! पण ठाण्याची पायरी चढलो की माझी जीभ हिंदी व्हायची. रोजनामचा हिंदीत, बयान हिंदीत, शिव्यासुद्धा हिंदीत. वर्दीची भाषा तीच होती आणि मला तिची सवय झाली होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी तिगाव स्टेशनाबाहेर विडी-काडीचं दुकान चालवणारा माझा खबऱ्या आला. एरवी तो सट्ट्याच्या आणि हातभट्टीच्या खबरा आणायचा. त्या दिवशी त्यानं आधी दार लावायला सांगितलं. आदल्या संध्याकाळी बोरगावकडचा एक माणूस त्याच्या दुकानापुढे उभा राहून रेल्वेच्या एका गँगमनला म्हणत होता, धाडलं नाही तर गाडी उडवून देईन. काय धाडलं नाही, ते खबऱ्यानं ऐकलं नव्हतं. पण त्या माणसाच्या खांद्याला पिशवी होती आणि तिच्यातून सुरुंगाच्या वातीचं टोक डोकावत होतं, हे त्यानं नीट पाहिलं होतं.

नागपूर-इटारसी मार्गावरून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. रेल्वेबद्दलची कसलीही धमकी कानावर आली की त्याच दिवशी छिंदवाड्याला एसपी ऑफिसात कळवायचं, असा सक्त हुकूम होता. मी आधी वायरलेस केला आणि मग चौकशीला निघालो. त्या वेळी मला हा क्रम बरोबरच वाटला होता.

सौंसर ठाण्याचे दोन शिपाई सोबत घेऊन आम्ही त्याला बोरगावजवळच्या एका संत्र्याच्या बागेत, विहिरीच्या काठावर पकडलं. पंचविशीचा पोरगेला गडी. विहिरी खोल करणाऱ्या ठेकेदाराकडे सुरुंग लावायचं काम करायचा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं, बागा वाचवायच्या तर खडक फोडावा लागतो, म्हणून त्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे. त्याच्या पिशवीत सुरुंगाच्या दारूच्या चार कांड्या आणि वातीचं भेंडोळं मिळालं. परवाना ठेकेदाराच्या नावावर होता, पण उरलेला माल रोज संध्याकाळी ठेकेदाराच्या कोठीत परत करायचा नियम होता. हा मात्र तो माल खांद्यावर घेऊन तिगावला जाऊन आला होता. का, असं विचारलं तर म्हणाला, कोठीवर गेलो असतो तर बस हुकली असती.

ठाण्यात त्याची चौकशी झाली तेव्हा खोलीत आम्ही तिघे होतो. मी, तो आणि माझा मुन्शी. मुन्शी रीव्याकडचा हवालदार. अक्षर मोत्याचं आणि कामाला चोख. मी मराठीत विचारत होतो, तो त्याच्या वऱ्हाडीत सांगत होता आणि मुन्शी हिंदीत लिहीत होता. मुन्शीला बोलणं निम्मं समजायचं, अडलं तिथे तो माझ्याकडे पाहायचा आणि मी सांगायचो. त्या भागातल्या सगळ्या ठाण्यांत असंच चालायचं.

त्याची हकीकत साधी होती. लग्नाला वर्षही व्हायचं होतं. बायको अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखजीला, माहेरी तिगावला गेली आणि परत येईना. सासऱ्याचं म्हणणं, शेवया होऊ द्या, पापड होऊ द्या, मग धाडतो. तो गँगमन म्हणजे त्याचा साळा, बायकोचा सख्खा भाऊ. साळ्यानं त्याला डिवचलं की ताई आता पावसाळा लागल्यावरच येईल, भाऊजी, तोवर हातानं भाकरी थापा. त्यावर हा म्हणाला, तिला धाडलं नाही तर तुमची गाडीच उडवून देतो.

हे सांगताना तो हसत होता. मी दरडावून विचारलं, गाडी उडवायची भाषा केलीस की नाही? तर म्हणाला, “केली नं साहेब. पन मी तं चेष्टा केली जी. साळ्याची चेष्टा नाही करन तं कोनाची करन?”

साळ्या-भाटव्यांत, म्हणजे मेहुण्या-मेहुण्यांत, चेष्टा होत नाही असं घर आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. जावई जेवायला बसला की पाटाखाली पापड ठेवतात आणि तो कडकन मोडला की सगळं घर हसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझे जोडे दोन दिवस सापडले नव्हते. पण मुन्शीनं या शब्दापाशी मान वर केली नाही. त्याला अडलंच नाही. त्यानं सरळ लिहिलं, ‘गाड़ी उड़ाने की बात मैंने कही थी। मैंने केवल चेष्टा की थी।’ मी ते बयान त्याला वाचून दाखवलं. तो ‘हो’ म्हणाला आणि सही केली. खाली मी केली.

पुढचं सगळं कागदांनी केलं. मी अहवालात लिहिलं की आरोपीनं चेष्टा कबूल केली आहे. एसपी ऑफिसात त्याचा ‘प्रयास’ झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमापर्यंत पोचता पोचता ‘षड्यंत्र’ झालं. आमच्या खात्यात माणसापेक्षा शब्दाला बढती लवकर मिळते. स्फोटक बाळगल्याच्या गुन्ह्यात ठेकेदारानं परवाना दाखवला आणि कोर्टानं त्या पोराला जामीन दिला. पण जेलच्या फाटकातून बाहेर पाऊल पडायच्या आत त्याच्या हातात दुसरा हुकूम पडला. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली एक वर्ष स्थानबद्ध. या कायद्याला ना जामीन, ना खटला.

चार दिवसांनी साळा-गँगमन बहिणीला घेऊन ठाण्यात आला. गयावया करून सांगू लागला की साहेब, ते आमचं आपसातलं होतं, गंमत होती. मी मनात म्हटलं, नातेवाईक दुसरं काय सांगणार. असे शंभर साळे मी पाहिले होते. बहीण मात्र रडली नाही. तिच्या काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. ती तिगावहून निघून थेट सासरी, बोरगावकडे चालली होती, वाटेत ठाण्यात उतरली होती. तिनं माझ्याकडे फक्त एकच मागितलं. म्हणाली, “त्याईले सांगजा साहेब, मी घरी आली म्हनाव.”

मी बरं म्हणालो. सांगितलं नाही. छिंदवाड्याच्या जेलात एवढ्या निरोपासाठी कोण जाणार? अशा कैद्याला भेटायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे, आणि त्याच्या घरच्यांचे अर्ज दोनदा परत आले, हे मला नंतर कळलं. मराठीतली पत्रं जेलात तपासायला कोणी नव्हतं, म्हणून तीही आतबाहेर जात नव्हती. ज्या बाईसाठी त्यानं गाडी उडवायची भाषा केली होती ती त्याच्या घरात येऊन बसली होती, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. फक्त त्याला ठाऊक नव्हतं.

पावसाळा लागला, पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, ती गोटमार. तिच्या बंदोबस्तात ठाण्याचा पंधरा दिवस जीव जातो. तो संपला आणि एसपी ऑफिसातून एक लिफाफा आला. छिंदवाडा जेलातल्या त्या कैद्यानं जबलपूरच्या हायकोर्टाला स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला होता की मला बेकायदा डांबलं आहे. जेलातल्या कुणा जुन्या कैद्यानं त्याला सांगितलं असावं की असा अर्ज करता येतो. कोर्टानं तो बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची, याचिका म्हणून दाखल करून घेतला होता आणि सरकारला विचारलं होतं की या माणसाला कोणत्या आधारावर ठेवलंत ते दाखवा. अर्ज मराठीत होता. जिल्ह्यात मराठी येणारा मी हाताशी होतो, शिवाय केस माझी. म्हणून कोर्टासाठी त्याचा हिंदी तरजुमा, म्हणजे अनुवाद, मी करावा, छिंदवाड्याला जाऊन कैद्याची सही पडताळावी आणि सरकारच्या उत्तराची तयारी करावी, असा हुकूम होता.

दुपारची वेळ होती. मी क्वार्टरच्या ओसरीत बसून तो अर्ज वाचला. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर, दोन्ही बाजूंनी लिहिलेला एकच कागद. ‘मला का ठेवलं ते हिंदी कागदात लिहून दिलं आहे. अक्षर लागतं, अर्थ लागत नाही.’ पुढे लिहिलं होतं, ‘मी माझ्या साळ्याची चेष्टा केली. सरकारची केली नाही. साळ्याची चेष्टा करायची मनाई असेल तर पुढे करणार नाही.’ आणि शेवटी, ‘बायको माहेरी आहे. तिला पोळ्याला आणायची होती, पोळा गेला. आता दिवाळीला तरी आणू द्यावी.’ सुटकेचं मागणं एका ओळीत होतं. बायकोला आणायचं मागणं पाच ओळींत होतं.

चेष्टा हा शब्द मी मराठीत लिहिलेला वाचला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ‘मी फक्त थट्टा केली’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी आम्ही ‘मी फक्त प्रयत्न केला’ असं घातलं होतं. मुन्शीला दोष कसा देणार? त्याला बोलावून विचारलं तर बिचारा म्हणाला, “साहब, हमने तो वही लिखा जो उसने कहा।” खरंच होतं. चूक मुन्शीची नव्हती. आईच्या दुधाबरोबर तो शब्द पिऊनही ठाण्यात तो हिंदीत ऐकणाऱ्या माणसाची, माझी होती.

दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याला गेलो. जेलरच्या खोलीत त्याला आणलं. वाळला होता. सही पडताळून झाल्यावर मी विचारलं, बयान वाचून दाखवलं तेव्हा हो का म्हणालास? तो म्हणाला, “काहून नाही म्हननार? शब्द तं माह्याच होता.” मग जरा थांबून म्हणाला, “मुन्शी परदेशी मानूस. पन तुमी तं आपल्याकडचे, साहेब. तुमाले चेष्टा समजली नाही?”

 उठता उठता मी त्याला सांगितलं की तुझी बायको बोरगावच्या घरी आली आहे, मे महिन्यातच आली, तिनं तसा निरोप दिला होता. त्यानं विचारलं, कोणाजवळ दिला होता? मी म्हणालो, माझ्याजवळ. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, आणि जेलर आपलं रजिस्टर उघडून बसला. इतकी वर्षं गुन्हेगारांत काढून मला लाज वाटायचे प्रसंग फार आले नाहीत. तो एक होता.

परत येऊन तरजुमा करायला बसलो. आता वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण खरी परीक्षा तिथे होती. मला खोटं लिहायची गरजच नव्हती. तो शब्द होता तसाच ठेवायचा होता. मराठीत चेष्टा, हिंदीतही चेष्टा. अक्षर तेच, स्पेलिंग तेच. कोणी बोट ठेवू शकलं नसतं. माझी सही सुरक्षित, एसपी ऑफिस सुरक्षित, हुकूम सुरक्षित. तो फक्त आणखी आठ महिने आत राहिला असता. मी दोनदा ‘चेष्टा’ लिहिलं आणि दोनदा कागद फाडला.

खरं सांगायचं तर मला त्या दुपारी न्याय-अन्याय आठवला नाही. मला माझी बायको आठवली. ती तासाभराच्या वाटेवर मुलताईला होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी तिच्या भावाला किंवा माझ्या आईला गमतीनंसुद्धा कधी म्हणालो नव्हतो की तिला माझ्याकडे धाडा, नाहीतर बघा. रजा मिळाली की जायचो, संपली की यायचो. आणि इथे एक माणूस बायको घरी यावी म्हणून भर रस्त्यावर गाडी उडवायची भाषा करतो, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना पाच ओळी लिहितो. मला त्याचा हेवा वाटला. मी ‘मज़ाक’ असं लिहिलं आणि खाली टीप जोडली की मूळ बयानातही याच अर्थानं हा शब्द होता, तो चुकीच्या अर्थानं घेतला गेला, आणि चूक माझी आहे.

एसपी साहेब उत्तरेकडचे, पण माणूस सरळ. त्यांनी टीप दोनदा वाचली आणि म्हणाले की यात दोष तुमच्यावर येईल, कल्पना आहे ना? मी हो म्हणालो. सरकारी वकिलांचं मत वेगळं होतं. एवढ्या जुन्या बयानात आता कशाला हात घालता, असं त्यांनी विचारलं. पण एसपींनी टीप जशीच्या तशी पाठवली, हे त्यांच्या नावावर जमा आहे.

जबलपूरला सुनावणीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. कैद्याला हजर केलं होतं. दोन न्यायमूर्तींपैकी एकांनी टीप वाचून विचारलं की त्या एका वाक्याशिवाय या हुकमाला दुसरा आधार कोणता? सरकारी वकिलांनी चार कांड्यांचं नाव काढलं. त्यासाठी वेगळा खटला चालू आहे, त्यात जामीनही आहे, असं न्यायमूर्ती म्हणाले. शिवाय ज्याला हिंदीचा अर्थ लागत नाही त्याला कारणं हिंदीत देऊन उपयोग काय, ती कारणं दिल्यासारखी होत नाहीत, असंही त्यांनी नोंदवलं. अर्ध्या तासात हुकूम रद्द झाला.

दिवाळीला आठ दिवस होते. आदेश हातात पडून सगळे कागद पुरे व्हायला दोन दिवस गेले, आणि मी छिंदवाड्याच्या जेलच्या फाटकाशी जीप घेऊन उभा राहिलो. बोरगावला सोडतो म्हणालो. त्यानं हात जोडले आणि सौंसरच्या बसची वाट विचारली. मी वाट दाखवली.

मला नंतर निंदेची, म्हणजे लेखी ठपक्याची, शिक्षा झाली. सेवापुस्तिकेत तशी नोंद आहे आणि बढती दोन वर्षं लांबली. तिचं मला फार वाटलं नाही. त्या दिवाळीनंतर मात्र मी बायकोला पांढुर्ण्याला घेऊन आलो. आई रागावली, पण आणलं. माझ्या उरलेल्या सगळ्या बदल्यांत ती माझ्याबरोबर फिरली. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. घरात कुणाला धाडा म्हणायची सोय उरली नाही, आणि संध्याकाळी ते जास्त जाणवतं.

या केसनं काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, बयान माणसाच्या भाषेत लिहा. मुन्शी अडला नाही तरी तुम्ही अडा. आणि निरोप घेतलात तर पोचवा. चूक दुरुस्त होते असं मी त्यांना सांगत नाही, कारण तसं मला म्हणवत नाही.

त्याच्या सुटकेनंतर दोन वर्षांनी हिवाळ्यात मी सौंसरच्या बसस्टँडवर उभा होतो. संत्र्याचा हंगाम, सगळीकडे पेट्या रचलेल्या. तो समोर दिसला. शेजारी ती, तिच्या कडेवर लहानशी मुलगी. अंगानं भरलेला, चांगला दिसत होता. मला इतका आनंद झाला की मी वर्दी विसरलो, जवळ गेलो आणि आमच्या भाषेत म्हणालो, “काय जावईबापू, अवंदा अखजीले गेली होती का बाई माहेरी? वेळेवर धाडलं का नाही साळ्यानं?”

तो ताठ उभा राहिला. दोन्ही हात जोडले. एक एक शब्द तोलून म्हणाला, “जी साहब। गई थी। समय पर वापस आ गई।”

त्याच्या बायकोनं मान दुसरीकडे वळवली. बोरगावची बस लागली आणि ते तिघं चढले. मी पेट्यांच्या मधोमध तसाच उभा राहिलो. मला त्याच्या तोंडून एक मराठी शब्द हवा होता. त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं.